सगळ्यांना टायलरची धार हवी होती

क्रेगने स्केट्स काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, "एक इंच. टायलरसारखं."

सकाळपासून हे सांगणारा तो सातवा. शनिवारी आइस हॉकीची मॅच होती. जिंकले तर टीम फायनलला जाणार, हरले तर सीझन संपला. क्रेग टीमचा कॅप्टन. बाकीच्या वेळी तो प्लंबर आहे. वय बेचाळीस, वजन अडुसष्ट किलो.

मी ऑकलंडमधल्या एका आइस रिंकवर स्केट्सना धार लावतो. चिंचवडला टूल रूममध्ये नऊ वर्षं ग्राइंडिंग केलं, इथे पापाकुराजवळच्या फॅक्टरीत सहा. ती फॅक्टरी बंद पडली आणि मी रिंकच्या दुकानात आलो. आई शेजारणींना सांगते, तो ब्लेड इंजिनिअर आहे. मी दुरुस्त करत नाही.

स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मधोमध लांब खोबण असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा. वळताना, थांबताना याच कडा बर्फात रुततात. खोबण खोल असेल तर पकड जास्त. उथळ असेल तर माणूस छान घरंगळतो, पण थांबताना पंचाईत. आमच्याकडे अर्धा इंच म्हणजे खोल आणि एक इंच म्हणजे उथळ. आकडा खोलीचा नाही, खोबण ज्या गोलाईची असते त्या गोलाईचा आहे. हे मी क्रेगला त्या सीझनमध्ये तिसऱ्यांदा समजावलं.

"टायलर एक इंच वापरतो ना?"

"वापरतो. पण टायलरचं वजन शंभर किलो आहे. वजनानेच त्याच्या कडा रुततात. तुझ्या रुतणार नाहीत."

"टायलर कॅनडाचा आहे," क्रेग म्हणाला. त्याच्या दृष्टीने चर्चा संपली होती.

टायलर आमचा इम्पोर्ट. म्हणजे परदेशातून सीझनपुरता आणलेला खेळाडू. तो आल्यापासून टीममधले लोक त्याच्यासारखं पाणी पीत होते, त्याच्यासारखी मान वाकडी करत होते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

मी मॅनेजरकडे गेलो. ब्रेंडा स्वभावाने चांगली, पण वाद दिसला की तिला ईमेल आठवतात.

"ब्रेंडा, हे लोक पडतील."

"मेट, कस्टमरला हवं ते दे. आपण फ्रेंडली रिंक आहोत."

मी दिलं. पण प्रत्येकाच्या जॉब कार्डवर लिहिलं, 'सल्ल्याविरुद्ध एक इंच', आणि खाली सही घेतली. क्रेगने न वाचता सही केली. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत एकदम झकास. गोलकीपरची धार वेगळी असते, तो वाचला. टायलरला हवंच होतं ते मिळालं. बाकी दहाच्या दहा एक इंचावर.

शनिवारी मी काचेमागे उभा होतो. पहिली दोन मिनिटं सगळे इतके वेगात गेले की मलाच शंका आली, आपलं चुकलं की काय. मग पक, म्हणजे त्यांची रबराची चकती, आमच्या गोलकडे आली. आमचे दोन डिफेंडर्स ती अडवायला वळले आणि वळतच राहिले. एक भिंतीवर गेला, दुसरा रेफरीवर. क्रेगने जोरात ब्रेक मारला आणि समोरच्या टीमच्या बेंचपर्यंत पोहोचला. तिथल्या लोकांनी त्याला प्रेमाने उभं केलं. वीस मिनिटांत आम्ही चार गोल खाल्ले. मला हसू येत होतं, पण कोणाचा हात मोडला असता तर ती धार माझ्या हातची होती.

इंटरव्हल पंधरा मिनिटांचा होता. सगळी टीम दुकानात शिरली. मशीन एक. धारेच्या दगडाला डायमंडच्या टोकाने नवा आकार द्यायला दोन मिनिटं, मग एका जोडीला तीन. हिशोब सरळ होता. चार जोड्या.

"आधी माझे," क्रेग म्हणाला. "मी कॅप्टन आहे."

"आधी डिफेंडर्स," मी म्हणालो. "तू घसरलास तर गोल होत नाही. ते घसरले तर होतो."

क्रेगने ब्रेंडाकडे पाहिलं. ब्रेंडाने फोनकडे पाहिलं. तेवढ्यात टायलर आत आला.

"या सगळ्यांना माझी धार कोणी दिली?"

मी जॉब कार्डांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. त्याने वरची तीन वाचली, चारही डिफेंडर्सचे स्केट्स उचलले आणि मशीनशेजारी रांगेत लावले. क्रेगचे उचलून खाली जमिनीवर ठेवले.

मी चौदा मिनिटांत चार जोड्या केल्या. चिंचवडला सुपरवायझर घड्याळ घेऊन उभा राहायचा तेव्हाही माझा हात इतका स्थिर नव्हता.

उरलेल्या चाळीस मिनिटांत आम्ही एकही गोल खाल्ला नाही. तीन केले, तिन्ही टायलरने. चार-तीनने हरलो.

सोमवारी क्लबची मीटिंग झाली. मीटिंगच्या नोंदीत पराभवाचं कारण आलं, 'स्केट्सच्या धारेतील अडचणी'. मी सह्यांची दहा कार्डं ब्रेंडाच्या टेबलावर ठेवली. तिने ती नीट वाचली आणि म्हणाली की संवाद दोन्ही बाजूंनी सुधारता आला असता. मग मला एका दिवसाच्या कम्युनिकेशन वर्कशॉपला पाठवलं. क्रेगला नाही पाठवलं. तिथलं जेवण चांगलं होतं.

वर्कशॉपमध्ये सांगितलं, की कस्टमरला नाही म्हणू नका, प्रश्न विचारा. ते मला पटलं. परत आल्यावर मी जॉब कार्डवर एक रकाना वाढवला: वजन.

आता आकडा मी ठरवतो. बहुतेक जण वजन दहा किलो कमी लिहितात. मी मनातल्या मनात दहा मिळवतो आणि धार लावतो. अपवाद फक्त क्रेगचा. तो दर वेळी पंचाण्णव लिहितो. मी अडुसष्ट धरतो. आजवर त्याची तक्रार नाही.