गच्चीवरून राहून गेलेली हाक

शादलियाकडे नजीहाचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते गच्चीवर. नजीहा तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. वाळत घातलेल्या कुसकुसाच्या रव्यावर चिमण्या बसू नयेत म्हणून आईनं तिला हातात काठी देऊन तिथं बसवलं होतं. ऑगस्टचं ऊन, पांढऱ्या चादरीवर पसरलेले पिवळसर दाणे, आणि शेजारच्या गच्चीत पालथ्या घमेल्यावर बसलेली एक तरुण बाई. तिच्या मांडीवर दोन पोरं होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. एक तिचं स्वतःचं, दुसरा कोपऱ्यावरच्या मंगीयाचा हेदी. मंगीया हमामात न्हायला गेली होती आणि इकडे हेदीनं रडून गल्ली डोक्यावर घेतली होती.

पोरं प्यायली, पेंगली. शादलियानं त्यांना सावलीत निजवलं, ओढणी सारखी केली, कठड्यापाशी जाऊन तोंडाशी हात धरला आणि ओरडली, "ऐका गं शेजारणींनो! मंगीयाचा हेदी माझं दूध प्यायला!"

कपडे पिळता पिळता, मिरच्या उलटता उलटता चारी बाजूंच्या गच्च्यांवरून बायका म्हणाल्या, "ऐकलं!" कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

नजीहाला वाटलं, कोंबडी हरवल्यावर ओरडतात तसलंच काहीतरी असेल. संध्याकाळी आईनं समजावून सांगितलं. आता हेदी शादलियाचाही मुलगा झाला, तिच्या मुली त्याच्या बहिणी झाल्या. मोठा झाल्यावर त्यांच्यातल्या कुणाशी त्याचं लग्न लागणार नाही. एक घोट पाजला तरी सगळ्यांना सांगून ठेवायचं असतं. नजीहानं विचारलं, सांगायचं राहिलं तर? आई म्हणाली, "राहत नाही."

शादलिया बेजाकडच्या खेड्यातून लग्न होऊन ट्यूनिसच्या चाळणीवाल्यांच्या गल्लीत आली होती. हाडापेरानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. तिचा नवरा सालाह चाळण्या विणायचा, आणि बोलायचा इतका कमी की दिवसभराचं बोलणं त्याच्याच चाळणीतून गळून जात असावं असं वाटायचं. शादलियाला एकामागून एक मुलं झाली आणि दूध तर असं की तिच्या घरच्यांना पुरून उरायचं. गल्लीत कुणाची आई आजारी पडली, कुणाला दूध आलं नाही, कुणी नुसतीच लग्नाला गेली, की पोर शादलियाकडे यायचं. सालाह एकदाच म्हणाला होता, "पीठ माझ्या घरचं, दूध गल्लीचं."

ती गल्लीच तशी होती. दारं दिवसभर उघडी, कणकेची पाटी घेऊन भट्टीवर निघालेलं पोर कुणाचंही असो, जाताना चार घरच्या भाकऱ्या घेऊन जायचं. वसंतात नारंगीच्या फुलांचा अर्क काढायचं भांडं एकच, ते घरोघरी फिरायचं आणि आठवडाभर सगळ्यांच्या अंगाला एकच वास यायचा. तरुण पोरं मात्र कुरकुरायची. खाला शादलियानं निम्म्या गल्लीला उरलेल्या निम्म्या गल्लीची भावंडं करून ठेवलंय, आता बायको बघायला अल्जीरियाला जावं लागणार, असं हेदी मोठा झाल्यावर चारचौघांत म्हणायचा. शादलिया त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणायची, "जा की. तिथंही कुणीतरी शादलिया असेलच."

नजीहाचं लग्न त्याच गल्लीत झालं, तीन दारं पलीकडे. नवरा भला होता. सासू लल्ला बेया जुन्या शहरी घराण्यातली, मनगटात सोन्याच्या जाड बांगड्या आणि जिभेवर सुई. सून टपाल कचेरीत नोकरी करते हे तिला कधीच पचलं नाही. दुर्रा जन्मली आणि दोन महिन्यांनी नजीहा कामावर रुजू झाली, तेव्हा लल्ला बेया येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागली की शिक्के मारून पोर वाढतं का. तिनं अट घातली होती: मुलीच्या तब्येतीला काही झालं तर नोकरी बंद. नजीहाचा नवराही आईपुढं मान खाली घालून बसला.

त्या हिवाळ्यात नजीहाचं दूध आटलं. बाटलीचं दूध दुर्रा ओकून टाकायची. पोरीचं तोंड लहान झालं, रडण्यात जोर राहिला नाही. मग दुपारच्या सुट्टीत नजीहा घरी यायची, मुलीला ऊन दाखवून आणते म्हणायची आणि मागच्या बोळातून शादलियाच्या घरी न्यायची. शादलियाच्या मांडीवर तेव्हा तिचा धाकटा मुनीर होता. ती त्याला बाजूला सारायची आणि दुर्राला घ्यायची. पहिल्या दिवशी पाजून झालं तशी शादलिया सवयीनं उठली आणि जिन्याकडे वळली. नजीहानं तिच्या ओढणीचं टोक धरलं.

"खाला, हाक देऊ नकोस. सासूला कळलं तर माझी नोकरी गेली."

शादलिया जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली. "बये, हाक नाही दिली तर हे दूध चोरीचं होतं."

"मुलगी सावरली की दे. मी स्वतः तुला सांगेन."

शादलियानं पायरीवरचा पाय खाली घेतला. मग ती परत येऊन बसली. एवढ्या पोरांत तेवढी एकच हाक तिनं गिळली.

दुर्रा सावरली. नंतर ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि सांगायचा दिवस उद्यावर, परवावर जात राहिला. ती चार वर्षांची असताना नजीहाच्या नवऱ्यानं अरियानाला फ्लॅट घेतला आणि लल्ला बेयासकट सगळे गल्ली सोडून गेले. मग तर सांगायचं कारणच उरलं नाही असं नजीहाला वाटलं. दुर्रा कुठं आणि शादलियाचे मुलगे कुठं.

नजीहाचा नवरा गेला, नजीहा निवृत्त झाली, आणि लल्ला बेया त्या सगळ्यांना पुरून उरून नव्वदीत वारली. तिसऱ्या दिवशी सांत्वनाला जुन्या गल्लीतून जी काही माणसं आली त्यांत शादलिया होती. गुडघे धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी. तिच्याबरोबर मुनीर आला होता. तो मेट्रोच्या डेपोत वीजतंत्री होता, पस्तिशीचा, अजून बिनलग्नाचा. दुर्रानं त्याला कॉफी दिली. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी दुर्रा, एक ठरलेलं लग्न मोडून बसलेली, त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसली. हे नजीहानं पाहिलं. तिनं रिकामा ट्रे उचलला आणि आत नेला.

वर्षभरानं दुर्रानं सांगितलं की मुनीरनं विचारलंय आणि तिनं हो म्हटलंय. मनूबा उपनगरात फ्लॅटसुद्धा बघून ठेवलाय, त्याच्या आईला तिथं न्यायचं म्हणून लिफ्ट असलेला. "फक्त त्याची आई म्हणते, आधी तुला एकटीला भेटायचंय."

नजीहा टॅक्सीत बसली आणि गल्लीजवळच्या बाब सुइका चौकापर्यंत स्वतःची समजूत घालत राहिली. पोरगी अशी किती प्यायली असेल? अर्धं तर ओघळूनच जायचं. ऐकणारं कुणी नव्हतं. लल्ला बेया गेली, सालाह गेला, आई गेली. शादलिया सत्तरी ओलांडलेली, तिला आपल्या सगळ्या पोरांची नावं तरी धड आठवत असतील का? चौतीस वर्षांच्या मुलीला आता पुन्हा कुठून आणायचा असा माणूस, ज्याच्या घरची भिंतसुद्धा आपल्याला माहीत आहे?

गल्लीत उन्हाला बसलेलं कुणीच नव्हतं. दारांना लोखंडी जाळ्या आल्या होत्या. मंगीयाच्या शेजारचं घर पाहुण्यांसाठी रंगवून काढलं होतं आणि दारात परदेशी माणसांच्या चाकांच्या बॅगा उभ्या होत्या. सालाहचं दुकान म्हणजे मोबाइलच्या कव्हरांचा ढीग. शादलियाचं दार तेवढं उघडं होतं. आत भिंतींना ओल आली होती, आणि ती बुटक्या स्टुलावर बसून मटाराच्या शेंगा सोलत होती. तिनं उठायचा प्रयत्न केला आणि नुसताच हात पुढं केला.

कॉफी झाली. मुनीरच्या डेपोचं झालं, मंगीयाच्या डोळ्यांचं झालं. तिला आता काहीच दिसत नाही, दिवसभर खिडकीपाशी पडून असते. मग शादलिया म्हणाली, "त्या फ्लॅटला लिफ्ट आहे म्हणे."

"दोन आहेत."

"दोन कशाला?"

"एक बिघडलेली असते."

शादलिया हसली. हसता हसता तिनं एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. "तुला आठवतं ना, नजीहा?"

नजीहाला खोटं बोलता आलं असतं. तयारी करूनच ती आली होती. पण समोरचा प्रश्न इतक्या हळू आवाजात आला होता की तिनं मान हलवली. मग घाईघाईनं म्हणाली, "कुणी ऐकलं नव्हतं, खाला. आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. पोरांना तर नाहीच."

"मला माहीत आहे की. मी पाजलं, मी काही मेले नव्हते."

"त्यांचं आयुष्य उभं राहतंय. तूही या ओलीतून सुटशील."

"सुटेन की. मला काय लिफ्ट नको झालीय?" शादलियानं गुडघ्यावरून हात फिरवला. "मुनीर संध्याकाळी घरी येतो तो गुणगुणत येतो. एवढा थोराड बाप्या, भांडी घासताना गुणगुणतो. आणि मी इथं बसून ऐकते. त्याला सांगू कसं, की तू सरकलास म्हणून तिला जागा मिळाली, ती तुझी बहीण आहे? तोंड उघडते आणि मिटते. मी दमले गं. तुझी नोकरी राहावी म्हणून इतकी वर्षं गिळून बसले. ते वाईट केलं असं नाही म्हणत मी. पण आता माझ्याच्यानं धरवत नाही. तुझं तू घे."

ती भिंतीला धरून उठली आणि जिन्याकडे निघाली. नजीहानं तिच्या दंडाला धरलं. या वेळी अडवायला नाही, नुसतंच धरायचं म्हणून. चौथ्या-पाचव्या पायरीवर शादलियाचे गुडघे अडले. ती तिथंच बसली, धापा टाकत, आणि वरच्या उजेडाकडे बोट केलं.

"मला काही जमत नाही. तू जा."

नजीहा दोन पायऱ्या वर थांबली. खाली शादलियाचे विरळ झालेले केस दिसत होते, आणि त्यातून डोक्याची गुलाबी कातडी. वर गेलं नाही तरी चालेल, असं मनात एकदा येऊन गेलं. शादलिया स्वतः वर येऊ शकत नव्हती, मुनीरला सांगू शकत नव्हती. नजीहा खाली उतरून टॅक्सी पकडती तर लग्न होऊन गेलं असतं, आणि ही म्हातारी पुढची सगळी वर्षं दोन लिफ्टच्या इमारतीत तोंड मिटून बसली असती. नजीहानं हातातली पर्स शादलियाच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि ती वर गेली.

गच्चीवर घमेलं नव्हतं, चादरी नव्हत्या. चारीकडे डिश अँटेना आणि पाण्याच्या टाक्या. पाहुण्यांच्या घराच्या गच्चीत एक परदेशी जोडपं छत्रीखाली बसलं होतं. नजीहा कठड्यापाशी गेली. टपाल कचेरीच्या खिडकीमागं जन्म गेला, तरी मोठ्यानं ओरडायची वेळ तिच्यावर आली नव्हती. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला तो चिरका, शाळकरी पोरीसारखा.

"ऐका गं शेजारणींनो! माझी दुर्रा शादलियाचं दूध प्यायली!"

परदेशी जोडप्यानं हसून हात हलवला. पलीकडच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी एक भाडेकरू पोरगी थबकली आणि काय झालं खाला, कुणी पडलं का, म्हणून विचारू लागली. नजीहा वळणार तेवढ्यात खालच्या बोळातून, बंद झडपांच्या एका खिडकीमागून, मंगीयाचा फुटका आवाज आला.

"ऐकलं!"

आणि जरा थांबून, "एवढ्या उशिरा गं?"

नजीहा जिना उतरली तेव्हा शादलिया भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. दोघी तिथंच बसल्या, अरुंद पायरीवर दाटीवाटीनं. ते "ऐकलं" खालीही पोचलं होतं. नंतर खाली जाऊन दोघींनी मिळून उरलेले मटार सोलले, कारण मुनीर यायच्या आत स्वयंपाक व्हायचा होता.

मुनीरला त्याच्या आईनं जेवणानंतर सांगितलं. दुर्राला नजीहानं घरी जाऊन सांगितलं. दुर्रानं एकच विचारलं, "तू त्या दिवशी मला कॉफीचा ट्रे हातात दिलास, तेव्हा तुला माहीत होतं?" नजीहानं हो म्हटलं. त्यानंतर दुर्रा आईशी बरेच दिवस कामापुरतंच बोलायची. मनूबाचा फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला. मुनीरनं लांब सूस शहरात बदली मागितली आणि ती मिळाली. तो शुक्रवारी फोन करतो, आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो, आणि अजून एकटा आहे.

शादलिया चाळणीवाल्यांच्या गल्लीतच राहते, त्याच ओल आलेल्या खोलीत. दुर्रा दर गुरुवारी दुकान बंद केल्यावर गुडघ्यांचं मलम घेऊन येते, तिचे केस धुऊन देते आणि आईला म्हणतात तसं तिला 'उम्मी' म्हणते. गच्चीचा जिना शादलियानं सोडला आहे. कपडे ती अंगणातच वाळत घालते.