दारात उभी राहिलेली मिनू

आधीच सांगते, मी भुताखेतांची टर उडवणारी बाई आहे. आमच्या सेक्टरमध्ये कुणाला चिंचेखाली काही दिसलं की मी पहिली विचारायची, चष्मा घातला होता का? तेव्हा हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

भिलाईला सेक्टर सहामध्ये आमचं क्वार्टर होतं. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, बाबा स्टील प्लांटमध्ये क्लार्क. ते रिटायर झाले, क्वार्टर सोडायचं ठरलं आणि नेमकी तेव्हाच मला पुण्याला नोकरी लागली. आई माझ्याशी धड बोलेना. तिचं तरी काय चुकलं... दादा नऊ वर्षांपूर्वी राजनांदगावच्या रस्त्यावर बाइकच्या अपघातात गेला. उरले मी एकटी.

दादाचा आणि माझा लहानपणापासून एक खेळ होता. तो बाहेर निघाला की मी दारात हात पसरून उभी. "येतो म्हण, मंग सरकते." त्याने येतो म्हटल्याशिवाय मी हलायची नाही. मोठे झालो तरी हा चावटपणा सुटला नव्हता. अपघाताच्या दिवशी मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मी आत फुगून बसले होते. दारात गेलेच नाही. मला डिवचायला तो मुद्दाम म्हणाला, "जातो, मिने."

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून घराबाहेर पडताना मी काही बोलतच नाही. येते नाही, जाते नाही. चपला घालायच्या आणि निघायचं.

पुण्याला निघायच्या दिवशी, भर दुपारी, सामान बांधताना दादाचा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम सापडला. सुपेल्याच्या बाजारातून आणलेला. राक्षस पकडायचे, पाळायचे आणि लढवायचे. त्यात एक रायव्हल असतो, जिथे जाल तिथे आडवा येणारा. सुरुवातीला त्याचं नाव आपणच टाकायचं. दादाने टाकलं होतं — मिनू. टीव्हीच्या रिमोटपासून खिडकीच्या सीटपर्यंत त्याची रायव्हल मीच ना.

सेल टाकले तर चक्क चालू झाला! दादाचा खेळ एका गुहेत येऊन थांबला होता. बाहेर पडायला एकच वाट, आणि त्या वाटेत मिनू उभी. मी लढले, जिंकले. हरला की रायव्हल निघून जातो, असा नियम आहे. ही जागची हलली नाही. खालच्या चौकटीत अक्षरं उमटली. अख्खा गेम इंग्रजी, अक्षरंही इंग्रजीच, पण वाचलं तर — येतो म्हण, मंग सरकते.

मी सेल काढले, परत टाकले. तीच गुहा, तीच मिनू, तेच वाक्य. सात वेळा लढले, सातही वेळा जिंकले, आणि वाट बंदच. मागे फिरावं तर मागे भिंत. संध्याकाळी दुर्गहून गाडी होती, ऑटो सांगून ठेवला होता. गेम टाकून उठायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण उठवेना. एकच डोक्यात येत होतं, दादा नऊ वर्षं इथे अडकून पडलाय आणि त्याला अडवणारी मी आहे. मी खूप रडले.

मग त्याच्या वतीने मीच मोठ्याने म्हटलं, "येतो, मिने."

मिनू डावीकडे एक घर सरकली. दादाचा तो एवढासा माणूस गुहेबाहेर पडला आणि स्क्रीन काळी झाली. गेम पुन्हा कधी चालू झाला नाही.

पुण्यात ऑफिसमधल्या एका मित्राने तो उघडून पाहिला. म्हणाला, सेव्ह धरून ठेवणारी आतली बॅटरी कधीचीच मेलीये, यात जुना खेळ राहणं शक्यच नाही. आणि ते वाक्य? त्यावर त्याने खांदे उडवले.

पुण्याला निघायच्या त्या संध्याकाळी ऑटो आला तेव्हा आई दारात आडवी उभी होती. मी नेहमीसारखी गुपचूप चपला घालत होते.

"काही तं बोल, मिने," ती म्हणाली.

"येते, आई."

आई बाजूला सरकली. डावीकडे, एकच पाऊल.