शेजारच्या मशीनचा ठोका

आमचा बँड पंक सोडून हार्ड रॉक का वाजवायला लागला, यावर लोक काय वाटेल ते बोलतात. कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं विकले गेले. घंटा!

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत आमचा प्रॅक्टिसचा गाळा आहे. शेजारी एक छोटी प्रेस मशीन दिवसभर ताटल्या ठोकायची, धडधड धडधड. भिंत हलायची. माझे ड्रम तिच्याच मागे पळायचे, म्हणून आमची पंकची गाणी सुसाट, दीड मिनिटात संपायची. मग शेजाऱ्याने पातेल्यांसाठी मोठी मशीन आणली. तिचा ठोका सावकाश, पण थेट छातीत बसणारा. आमची गाणीही तशीच जड झाली, हार्ड रॉक झाली. एवढंच.

गेल्या वर्षी तो कारखाना बंद पडला. दुसऱ्याच दिवशी मागच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"मशीन गेली, आता तुम्ही तरी आवाज बंद करा."

"मशीनची तक्रार तर कधी केली नाहीत?"

"अहो, ते लोक काम करत होते."

मी स्टिक्स उचलल्या.

"मग व्हा बाजूला," म्हटलं, "आमची शिफ्ट सुरू होतेय."