दोन मजले खालची हजेरी

आमची ताई वकील झाली तेव्हा आईने देवाला हात जोडले. आता ही बाहेर भांडेल आणि घराला शांतता मिळेल, असं तिला वाटलं. ताई बाहेर भांडायला लागली हे खरं, पण घरातलं काही कमी झालं नाही. तीस वर्षं ती गोरगरिबांचे खटले फुकट लढते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तिला हौसच आहे. मी तिचा धाकटा भाऊ, तिचे अर्ज टाइप करतो. कोर्टात तिला 'फुकटबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती फक्त माझी.

तिच्या अशिलांपैकी एक शिवणकाम करणाऱ्या बाई. दोन्ही पाय अधू, चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्या. खोली रिकामी करून मिळावी म्हणून घरमालकाने दावा लावलेला. खोली गेली की मशीन गेलं आणि मशीन गेलं की पोट. बाईंची साक्ष व्हायची होती. पण कोर्ट दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. शिपाई वरून पुकारा करायचा, बाई खालून 'हजर' म्हणायच्या आणि रोजनाम्यात 'गैरहजर' लिहिलं जायचं. ताईने वर कितीही सांगितलं तरी न्यायाधीश साहेबांसमोर साक्षीदाराचा पिंजरा रिकामाच. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा झालं असतं तर निकाल एकतर्फी मालकाच्या बाजूने.

"चौघं मिळून उचलून नेऊ की," मी म्हटलं.

"मी काय पोतं आहे?" बाई म्हणाल्या.

ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट टाइप करायला बसलो. अर्ज छोटाच होता: अशील वर येऊ शकत नाही, तरी कोर्टाने खाली यावं.

"ताई, साहेबांना खाली बोलावतेस? त्याआधी मला नोकरीवरून काढ."

"पगार देते का मी तुला?"

तेही खरंच.

तारखेला ताई वर गेली. मी खाली बाईंजवळ थांबलो. ताईचा शब्द न् शब्द जिन्यातून ऐकू येत होता. या आवाजापायी लहानपणी शेजारी तक्रारी घेऊन यायचे. मग तो आवाज एकदम थांबला आणि मी जिन्याकडे पाहायला लागलो.

जिन्यावर पावलं वाजली. न्यायाधीश कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. त्यांचेही गुडघे काही धड नव्हते. मागे फाइली घेऊन लेखनिक, शिपाई आणि तोंड कडू झालेला मालकाचा वकील. चौकशीच्या खिडकीपाशी टेबल मांडलं. शिपायाने सवयीने, छप्पर उडेल असा पुकारा केला. बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"हजर," त्या हळूच म्हणाल्या.

"मागच्या दोन तारखांना कुठे होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"इथेच, साहेब."

त्यांनी रोजनाम्याची मागची पानं उलटली. दोन्ही ठिकाणचं 'गैर' स्वतःच्या हाताने खोडलं, खाली सही केली आणि साक्ष सुरू करायला सांगितलं.

ताईला मात्र शब्द फुटेना. तीस वर्षांत पहिल्यांदाच. मला तिचा इतका अभिमान वाटला, की चिडवायचंही राहून गेलं.