शिडांचा कप्पा

ऋचा एम.ए. मराठी झाली आणि कोथरूडच्या एका वाचनालयात काउंटरवर बसू लागली. पहिल्याच आठवड्यात तिला कळलं, की वाचनालय भाग्यश्रीताई चालवतात. समितीचा समज वेगळा होता.

भाग्यश्री पांचाळ मूळची गंगाखेडची. लग्न होऊन धायरीला आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. वाचनालयाची घरपोच सेवा तिच्याकडे होती. स्कूटरला पुढे एक पिशवी, मागे एक पिशवी. बहुतेक सभासदांनी पुस्तकाचं नाव सांगणं कधीच सोडून दिलं होतं. "आणा काहीतरी बरं," एवढंच ते फोनवर म्हणत. बरं म्हणजे काय, हे भाग्यश्री ठरवायची. घरात आजारपण असेल तर हलकंफुलकं. सून माहेरी गेली असेल तर जाडजूड कादंबरी. दारात उभ्या उभ्या ती पुस्तकातली निम्मी गोष्ट रंगवून सांगायची आणि मध्येच थांबायची. "पुढचं पुस्तकात आहे," म्हणून जिना उतरायची.

एक कप्पा मात्र तिलाही हलवता आला नव्हता. पलीकडच्या गल्लीतले एक इंजिनिअर मुलाकडे बंगळूरला राहायला गेले, तेव्हा त्यांनी आपली पुस्तकं वाचनालयाला दिली होती. रॉकेटची इंजिनं, अवकाशयानांची इंधनं, आणि सगळ्यांत जास्त सौर शिडांवरची. दोन-चार मराठी, बाकी इंग्रजी. भाग्यश्री दुपारचा डबा त्याच कप्प्याखाली बसून खायची. एका हातात पोळी, मांडीवर पुस्तक, शेजारी मोबाइलमधला शब्दकोश.

एकदा ऋचाने विचारलं, काय असतं एवढं त्यात? भाग्यश्रीने डबा बाजूला ठेवला. रॉकेटला आपलं इंधन आपणच वाहावं लागतं, ती म्हणाली. मग ते इंधन उचलायला आणखी इंधन. शिडाचं यान काहीच वाहत नाही. केसाहून पातळ पडदा उलगडायचा आणि सूर्यासमोर धरायचा. बस्स. ते निघतं.

ऋचा साहित्याची विद्यार्थिनी. तिला ही कविता वाटली. ती छान हसली आणि पावत्या लावायला लागली. ती कविता नव्हती, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग कप्प्यावर चिठ्ठी लागली. कार्यवाह गोवंडे यांचं अक्षर सुरेख होतं आणि मजकूर नेहमीच नेमका. 'हा कप्पा महिनाअखेरच्या रविवारपर्यंत रिकामा करावा.' जी पुस्तकं तीन वर्षांत कोणी नेली नाहीत ती रद्दीत, असा नियम होता. जागा स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना हवी होती.

गोवंडे वाईट नव्हते. "भाग्यश्रीबाई, आपण घरी घेऊन जा ही पुस्तकं," ते म्हणाले. "रद्दीवाल्यापेक्षा आपण बऱ्या."

भाग्यश्रीने नको म्हटलं. ऋचाला कळेना. आवडतात तर न्यायची की.

"घरी नेऊन काय करू?" भाग्यश्री पिशवी भरता भरता म्हणाली. चिडली की तिची मूळ बोली वर यायची. "बारावीला सायन्स होतं मला. त्यानंतर ह्या गोष्टी बोलायला माणूसच भेटलं नाही बघ. घरी नेली की पुस्तकं माझी होतेत. मग मी भांडू कुणाशी त्याच्यावर?"

त्या दिवशी पिशवीत तिने शिडांवरचं एक पुस्तक घातलं. पहिलं दार विमलाबाई रास्त्यांचं. विमलाबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आणि वाचनालयाला त्यांचा धाक होता. 'पुस्तकांवर लिहू नये, शहाण्यांस सांगणे न लगे' अशी पाटी होती. पण पेन्सिलीने शेवटच्या पानावर निकाल देणं हा कोथरूडच्या सभासदांचा जुना हक्क. विमलाबाईंचे निकाल सगळ्यांत कडक. एका गाजलेल्या कादंबरीवर त्यांनी एकच शब्द लिहिला होता: 'का?'

भाग्यश्रीने दारात गोष्ट रंगवली. सूर्याचा वारा सुटतो, शिडात भरतो, आणि यान निघतं. विमलाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "ठेवा. बघते," म्हणाल्या.

आठवड्याने पुस्तक परत आलं. ऋचाने काउंटरवर शेवटचं पान उघडलं. 'वारा नव्हे, प्रकाश. सूर्याचा वारा निराळा, आणि तो शिडाला जेमतेम हलवेल. पान ४१ पाहावे. घरपोच अज्ञान नको.'

भाग्यश्रीचा चेहरा उतरला. शीड म्हणजे वारा, असं तिने मनातच धरलं होतं. वाचताना पुढे कुठेतरी प्रकाश आला होता, तो तिने वाऱ्यातच जमा केला होता. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

मग भाग्यश्रीने मान वर केली.

"ऋचा, बाईंनी एक्केचाळीस पानं वाचली की ग."

त्या क्षणापासून तिने आपली चूक लपवली नाही. उलट दारोदार नेली. मी वारा म्हणाले, रास्तेबाई म्हणतात प्रकाश. उजेडानं कधी काही हलतं का? तुम्हीच बघून सांगा.

कोथरूडमध्ये ज्ञानासाठी पुस्तक उघडणारे असतात, नाही असं नाही. पण दुसऱ्याचं चुकलंय का हे बघायला सगळेच उघडतात. निवृत्त कमांडर शिंत्रे तर उठूनच बसले. त्यांनी खडकवासल्याच्या पाण्यात संरक्षण प्रबोधिनीच्या पोरांना शिडाच्या होड्या शिकवल्या होत्या. प्रकाशाने शीड चालतं हे त्यांना मान्यच नव्हतं. "मग मी गच्चीत उन्हात उभा राहिलो तर पडत का नाही?" त्यांनी विचारलं. भाग्यश्री म्हणाली, तेच शोधा. त्यांनी दोन पुस्तकं ठेवून घेतली.

परत आलेल्या पुस्तकावर लिहिलं होतं, 'रास्तेबाई बरोबर आहेत, हे दुःखाने नोंदवतो. पण यान वळणार कसे, ते त्यांना विचारावे.'

विमलाबाईंनी लगेच तेच पुस्तक पुन्हा मागवलं. मग शिंत्र्यांच्या बहिणीने. मग विमलाबाईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी. पानं पेन्सिलीने भरत चालली. प्रकाशाचा धक्का इतका हलका की तळहाताला कळणारही नाही. पण तिथे अडवायला हवा नाही, आणि धक्का थांबत नाही. महिन्यांमागून महिने वेग वाढतच राहतो. यावर कोणीतरी लिहिलं, 'पटले.' ऋचाने हा शब्द त्या वाचनालयात पहिल्यांदाच पाहिला. तिनेही एक पुस्तक घरी नेलं आणि रात्री दूध उतू घालवलं.

महिनाअखेरचा रविवार आला. गोवंडे समितीच्या दोघांना घेऊन आले. फाटकाशी रद्दीवाला काटा घेऊन उभा होता. सगळे कप्प्यापाशी गेले. फळ्या स्वच्छ पुसलेल्या होत्या. त्यावर एकही पुस्तक नव्हतं. चिठ्ठी तेवढी जागच्या जागी.

"पुस्तकं कुठायत?"

"बाहेर आहेत, काका."

"बाहेर म्हणजे? अंगणात?"

"लोकांच्या घरी," भाग्यश्री म्हणाली. "रिकामा करावा लिहिलं होतं तुम्ही. केला."

गोवंड्यांनी ऋचाकडे पाहिलं. ऋचाने संगणक त्यांच्याकडे वळवला. नावांखाली नावं होती. काही पुस्तकांसाठी तर रांग लागली होती. एका माणसाने, दोन पिशव्यांनी, एवढं केलं होतं.

तेवढ्यात विमलाबाई काठी टेकत आत आल्या. घरपोच सेवा लावल्यापासून त्या वाचनालयात आल्याच नव्हत्या. शिंत्र्यांनी पुस्तक दाबून ठेवलंय, त्यांना दंड काय, असं त्यांनी समितीलाच विचारलं. मागोमाग शिंत्रे आले, पुस्तक काखेत. अजून एक प्रकरण उरलंय, म्हणाले.

गोवंड्यांनी संगणकावरची नावं शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी चिठ्ठी अलगद काढली आणि घडी करून खिशात टाकली.

"नुसत्या उजेडानं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढचं पुस्तकात आहे," भाग्यश्री म्हणाली. "पण तुमच्या आधी बरेच जण आहेत."

रद्दीवाला काटा उचलून निघून गेला.

आता घरपोच सेवेला रोज उशीर होतो. सभासद फोन करतात, पुस्तकं अजून आली नाहीत, बाई आहेत कुठे? ऋचा घड्याळाकडे बघते. या वेळी भाग्यश्रीताई रास्त्यांच्या दारात असतात. शीड तिरकं धरून यान सूर्याकडे परत येऊ शकतं की नाही, यावर दोघींचं एकमत झालेलं नाही.

"भांडतायत," ऋचा सांगते, आणि फोन ठेवते.