फलाटावरचं भूत

माझ्या नणंदेचा आवाज आमच्या शहरात ऐकला नाही असा माणूस सापडणं कठीण, पण त्यांना पाहिलेले फार थोडे. मुख्य बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे काचेची एक खोली आहे. तिथे बसून त्या गाड्यांच्या घोषणा करतात. अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे, तमुक गाडी उशिरा सुटेल, निळ्या सदऱ्यातला एक लहान मुलगा चौकशीपाशी उभा आहे, त्याच्या पालकांनी ताबडतोब यावं. नोकरीला लागल्या तेव्हा त्या तिकीट खिडकीवर होत्या. एकदा घोषणा करणाऱ्या बाईंचा घसा बसला, साहेबांनी यांना माइकसमोर बसवलं, आणि त्या पुन्हा तिकिटांकडे फिरकल्या नाहीत.

मी त्यांना ताई म्हणते. त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारून विचारून नातेवाईक दमले, ताई दमल्या नाहीत. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. घरातही बोलणं तसंच, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. दूध उतू जाऊ लागलं तरी ओरडणार नाहीत. दूध वर येत आहे, असं सगळ्या घराला ऐकू जाईल इतपत शांतपणे सांगतील. त्यावर आमचे हे पेपरातून डोकं न काढता विचारतात, “कितव्या फलाटावर?”

माझा मुलगा दिवसा एका कंपनीत नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कंप्युटरवरचे गेम बनवतो. त्याच्याबरोबर त्याची एक मैत्रीण असते. चित्रं सगळी तिची. ह्यांनी तिचं नाव ‘चित्रवाली’ पाडलं, आणि आता तीही दारातून आत येताना ‘चित्रवाली आली’ असंच म्हणते. दोघांनी मिळून भुताचा एक गेम केला. त्यात धावपळ नाही, गोळीबार नाही. समोर एका खोलीचं चित्र असतं. त्यातल्या वस्तूंवर टिचकी मारायची, ड्रॉवर उघडायचे, किल्ली मिळाली तर घ्यायची, ती कुठे चालते ते बघायचं, आणि असं करत करत पुढच्या खोलीत जायचं. गोष्ट एका जळून बंद पडलेल्या हॉटेलातली होती. आपल्या हरवलेल्या भावाला शोधत एक माणूस तिथे येतो. प्रत्येक खोलीत एक जुना फोन असतो, आणि तो वाजतो. पलीकडे हॉटेलची टेलिफोन ऑपरेटर असते. आग लागली तेव्हा ती खोलीखोलीत फोन करून लोकांना उठवत बसली आणि स्वतः बाहेर पडलीच नाही. भूत ते हेच.

या भुताला आवाज हवा होता. घरातच आवाजाची बाई असताना बाहेर कशाला जायचं, म्हणून मुलाने ताईंना विचारलं. ताई खूष झाल्या. एका रविवारी दुपारी माझ्या कपड्यांच्या कपाटात माइक लावला, कारण साड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे, आणि ताईंनी सगळी वाक्यं एका बैठकीत, एकदाही न अडखळता वाचून दिली. मुलगा म्हणाला की अशी कलाकार त्याने पाहिली नाही.

गेम बाहेर पडला आणि त्याच्याखाली खेळणाऱ्यांची मतं येऊ लागली. पहिले काही दिवस मुलगा आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. चित्रं अप्रतिम आहेत. जळक्या भिंतीचा वास येतो असं वाटतं. तिसऱ्या मजल्यावरचं आरशाचं कोडं ज्याने बनवलं त्याला त्याच मजल्यावर कोंडून ठेवा. मग हळूहळू त्याचं वाचून दाखवणं बंद झालं. आम्ही विचारलं की तो म्हणायचा, चाललंय ठीक.

ताईंना ते कसं कळलं ते सांगते. बसस्थानकावरच्या कॅन्टीनमध्ये त्यांनी एका कंडक्टरला कौतुकाने सांगितलं की माझा आवाज एका गेममध्ये आहे. त्याने तिथल्या तिथे मोबाईलवर गेम शोधला, मतं उघडली, हसायला लागला आणि मग एकदम हसायचा थांबला. ताईंनी मोबाईल मागून घेतला.

एकाने लिहिलं होतं, भूत बोलायला लागलं आणि मी घाबरलो नाही, सामान उचलून उभा राहिलो. दुसऱ्याने लिहिलं होतं, हॉटेल जळलं याचं वाईट वाटतं, पण बाईंनी गाडी वेळेवर असल्याचं सांगितल्यामुळे धीर आला. कुणी या भुताला ‘फलाटावरचं भूत’ म्हटलं होतं, आणि ते नाव इतरांनी उचललं होतं. एका बाईंनी मात्र गंभीरपणे लिहिलं होतं की इतकी सुंदर गोष्ट एका थंड आवाजाने वाया घालवली, मी अर्ध्यात सोडते आहे.

घरी आल्यावर ताईंनी चपला काढल्या, हात-पाय धुतले आणि मुलाला समोर बसवलं. मुलाने कबूल केलं की मतं वाईट आहेत आणि बहुतेक सगळी आवाजाबद्दलच आहेत. नाटकात काम करणाऱ्या एका मुलीशी त्यांचं बोलणं झालं होतं. ती नव्याने आवाज देणार होती. आत्याला कसं सांगायचं याच विचारात तो होता. बोलता बोलता बिचाऱ्याचे कान लाल झाले.

मला वाटलं ताई आता उठून वर जातील. त्या उठल्या नाहीत.

“ती मुलगी चांगली असेल तर तिला घ्या,” त्या म्हणाल्या. “पण आधी मला एकदा संधी दे. आणि ती सगळी मतं मला वाचायची आहेत. तू गाळून दिलेली नकोत.”

मुलाने मतं उघडून दिली. चष्मा लावून त्या वाचत बसल्या, चांगली वाईट सगळी. काही ठिकाणी हसल्याही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, हे लोक माझ्यावर रागावलेले नाहीत, त्यांना घाबरायचं होतं आणि मी घाबरवलं नाही, त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

मग त्या घाबरवायच्या मागे लागल्या. सुट्टीच्या दिवशी वरच्या खोलीतून घोगरे आवाज येऊ लागले. कधी कण्हणं, कधी लांब सुस्कारा, कधी दात-ओठ खाऊन म्हटलेलं ‘परत जा’. एकदा हे आंघोळ करून बाहेर येत होते तेव्हा जिन्यात नेमकं ते ‘परत जा’ ऐकू आलं, आणि हे खरोखरच परत गेले. हसून हसून माझं पोट दुखलं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटात बसून ते सगळं पुन्हा रेकॉर्ड करून घेतलं.

मुलाने ऐकलं आणि छान आहे, छान आहे म्हणत राहिला. चित्रवाली मात्र सरळ बोलणारी पोर.

“आत्या, हे आधीपेक्षा वाईट आहे,” ती म्हणाली. “आधी निदान तुम्ही होता.”

ताईंचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी चित्रवालीचा राग आला. पण ताईंनी मान हलवली आणि म्हणाल्या की आता मला तो गेम खेळायला शिकव.

तोवर आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की ताईंनी तो गेम कधी खेळलाच नाही. त्यांना कागदावर वाक्यं मिळाली होती, त्यांनी वाक्यं वाचली होती. आता त्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसल्या. माउस हातात धरायची सवय नव्हती, टिचकी खिडकीवर मारायला जावं तर पडद्यावर पडायची. तरी हटल्या नाहीत. कामावरून आल्या की चहाचा कप घेऊन हॉटेलात शिरायच्या. त्या आरशाच्या कोड्यात तर इतक्या अडकल्या की जेवतानाही बोटाने ताटात आरसा फिरवायच्या. मुलगा उत्तर सांगायला लागला की हात वर करून थांबवायच्या. उत्तर सांगितलंस तर तुझ्या त्या नाटकवालीलाच बोलाव, असं एकदा म्हणाल्या. शेवटी कोडं सुटलं तेव्हा स्वयंपाकघरात येऊन मला सांगितलं, आणि त्याच आवाजात सांगितलं, आरसा आता योग्य जागी आहे.

गेम संपला त्या दिवशी त्यांनी लॅपटॉप मिटला. मग खाली आल्या आणि मुलाला म्हणाल्या, “मी माइकसमोर बसते तेव्हा समोर शेकडो माणसं असतात. कुणा एकाशी बोलायचं नसतं मला, तेच माझं काम आहे. पण ही फोनवर आहे. ही एकाच माणसाशी बोलते. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.”

चित्रवालीने लगेच उपाय काढला. कपाटात माइक राहू दे, पण ताईंच्या हातात खरा फोन द्यायचा आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसवायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. मला स्वयंपाकघरात मोबाईल घेऊन थांबायला सांगितलं. मी म्हटलं, मला अभिनय येत नाही. ती म्हणाली, करूच नका, नुसतं ऐका.

दुपारची वेळ होती. ओट्यावर भांडी निथळत होती. मोबाईल वाजला, मी उचलला. पहिली काही वाक्यं पुन्हा तशीच आली, फलाटावरची. मग एक लांब वाक्य होतं, मी अनंत काळापासून या भिंतींमध्ये भटकते आहे, असलं काहीतरी. ताई मध्येच थांबल्या. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मग खूप हळू, जवळून, त्यांचा आवाज आला, आणि असा आवाज मी इतक्या वर्षांत आमच्या घरात ऐकला नव्हता.

“हॅलो. तुम्ही जाग्या आहात ना?”

नुसतं ऐकायचं होतं हे मी विसरले. हो म्हणाले. मग तोंडातून निघूनच गेलं, “तुम्ही अजून इथे का थांबलात?”

“माझी ड्यूटी केव्हाच संपली हो,” ताई म्हणाल्या. “पण बदलीची बाई आली नाही. फोन असा वाऱ्यावर सोडून कसं जायचं?”

माझ्या हातावर काटा आला. ओट्यापाशी मी तशीच उभी राहिले, फोन ठेवावासा वाटेना.

नंतर वाद झाला. मुलाचं म्हणणं होतं की आवाज जमला, आता गेममध्ये आहेत तीच वाक्यं या आवाजात घेऊ. बदलीच्या बाईचा गोष्टीत कुठे पत्ताच नव्हता. ते वाक्य घालायचं तर दृश्यं बदलावी लागणार, शेवट बदलावा लागणार, आणि गेम तर विकायला लागलेला. त्याचंही खोटं नव्हतं. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या बाजूने त्यांनी एवढंच सांगितलं की बसस्थानकावर पुढच्या पाळीची बाई येत नाही तेव्हा त्या अशाच बसून राहतात. पाठ दुखते, राग येतो, पण उठवत नाही. अनंत काळ भटकणाऱ्या बाईचं त्यांना काही कळत नव्हतं, पण हिचं कळत होतं.

“ते वाक्य राहणार असेल तर आवाज माझा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर त्या मुलीचा घ्या. मी मनापासून सांगते, रुसून नाही.”

मुलाने चित्रवालीकडे पाहिलं. ती आधीच चित्रातल्या ऑपरेटरच्या खुर्चीशेजारी दुसरी, रिकामी खुर्ची काढायला बसली होती.

त्यांना पुढे पुष्कळ काम पडलं. मुलाने रजा टाकली, चित्रवालीने तीन खोल्या पुन्हा रंगवल्या. ताई बसस्थानकाच्या पाळ्या सांभाळून कपाटात बसत होत्या, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवं असायचं. एकदा मी बाहेर गेले होते तर ह्यांना बसवलं. ह्यांनी शपथ घेतली होती की फलाटाचा विनोद करणार नाही. केला नाही. फोन ठेवल्यावर मात्र बाहेर जाऊन उगाच झाडांना पाणी घालत राहिले.

बदललेला गेम बाहेर आला तेव्हा मला वाटलं होतं की आता जुनी मतं पुसली जातील. तसं होत नाही म्हणे. वाईट बोलून गेलेले लोक बहुतेक परत आलेच नाहीत, त्यांचं लिहिलेलं अजूनही तिथे आहे. काही नव्यांनाही आवाज आवडला नाही. एकाने तर तक्रार केली की पहिला आवाज गमतीदार होता, तोच परत आणा. पण हळूहळू वेगळी मतं येऊ लागली. कुणीतरी रात्रपाळीचा पहारेकरी होता. त्याने लिहिलं की त्या बाईला एकटं टाकून पुढच्या खोलीत जायला आपल्याला जड गेलं. अर्ध्यात सोडते म्हणणाऱ्या त्या बाई परत आल्या, गेम पूर्ण केला आणि आपल्या जुन्या मताखाली एक ओळ जोडली: मी हे भूत विसरणार नाही. ताईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

गेम काही फार गाजला नाही. मुलगा अजून कंपनीत जातो. ताई काचेच्या खोलीतच आहेत, आणि माइकसमोर त्या पूर्वीसारख्याच बोलतात, कारण तिथे तसंच बोलायला हवं, असं त्या ठामपणे सांगतात.

मागच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका गेम बनवणाऱ्याचा फोन आला. त्याला त्यांचा आवाज हवा होता, पडक्या दवाखान्यातल्या मेलेल्या नर्ससाठी. ताईंनी त्याला विचारलं की ही नर्स कुणाशी बोलते. त्याला सांगता येईना. गोष्ट अजून पूर्ण लिहिलेली नाही म्हणाला. आधी ते ठरवा आणि मग फोन करा, असं त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाल्या, आणि तिला जिवंत ठेवता आलं तर बघा, मला एकदा कुणाला तरी जोरात रागवायचं आहे.

तो विचार करून कळवतो म्हणालाय. ताई वरच्या खोलीत रागवायचा सराव करताहेत.