मरोळचं रजिस्टर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर मुळीच नाही — तो आता राहिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं पोटात ठेवून कंटाळा आला असेल.

गोष्ट तशी छोटी. कुणाचा जीव गेला नाही, कुणी तुरुंगात गेलं नाही. एक जाडजूड रजिस्टर मी एका जागेवरून उचललं आणि दुसऱ्या जागी ठेवलं. बस, एवढंच. — पण नाही, असं सांगितलं तर ते पुन्हा खोटंच होईल. पहिल्यापासून सांगतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी अंधेरीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. खातं कोणतं, ते राहू द्या. भाड्याचा बंगला, पुढच्या व्हरांड्यात जाळीची खिडकी, आणि मागच्या तीन खोल्यांत आसपासच्या गावांचं जुनं दप्तर. गावोगावच्या पाटलांनी लिहिलेली जन्ममृत्यूची रजिस्टरं, बहुतेक मोडीत, लाल कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेली. लोक खिडकीशी यायचे. कुणाला स्वतःची जन्मतारीख हवी असे, कुणाला बाप कधी गेला त्याचा दाखला. अर्जाला स्टँप लावायचा, आम्ही आत जाऊन शोधायचं, सापडलं तर नक्कल द्यायची, नाही तर अर्जावर शेरा मारायचा — 'शोध घेतला, नोंद आढळून येत नाही.'

या शेऱ्याची एक गंमत होती. नोंद सापडली तर एकाने नक्कल करायची, दुसऱ्याने ताडून पाहायची, मग हेडक्लार्कची सही, साहेबांची सही, शिक्का. नाही सापडली तर एकट्या कारकुनाची सही पुरे. 'नाही' म्हणायला आम्हाला कुणालाच विचारावं लागत नसे. अकरा वर्षं मी त्या खिडकीवर दिवसाला चार-पाच वेळा हा शेरा मारत होतो — आणि प्रामाणिकपणे मारत होतो हो! धूळ खाऊन, डोळे फोडून शोधायचो. मोडी माझ्याइतकी त्या कचेरीत कुणालाच वाचता येत नव्हती. तरी नाही सापडायचं, त्याला मी काय करणार?

मग सावंत आला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मालवणकडचा, ढगळ शर्ट, पान खाऊन लाल झालेले दात. मोडी वाचताना अडखळायचा. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. पण आल्यापासून दोन महिन्यांत त्यानं एक गोष्ट केली, जी मला अकरा वर्षांत सुचली नव्हती. कुणी जन्माच्या नोंदीसाठी आलं, की अर्ज हातात घेण्याआधी तो विचारायचा, "तुझ्या आवशीचा म्हायार खंयचा?"

कळलं ना? पहिलं बाळंतपण माहेरी. मूल बोरीवलीचं म्हणून आम्ही बोरीवलीचं रजिस्टर उलटंपालटं करायचो, आणि नोंद बसलेली असायची आजोळच्या गावात. तीसुद्धा नावाशिवाय — बारशाच्या आधीच पाटील लिहून मोकळा होणार, 'मुलगी, बाप अमुक.' माझी स्वतःची आई पहिलटकरीण म्हणून माहेरीच गेली होती. माझाच जन्म आजोळचा. आणि मला सुचलं नाही! माझे अकरा वर्षांचे शेरे — त्यांतले किती खोटे होते? हा विचार मनात आला की मला सावंतचा राग यायचा. स्वतःचा नाही. सावंतचा.

लोक त्याच्यासाठी थांबायला लागले. मी खिडकीशी असलो तर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहायचे, "सावंतसाहेब येऊ देत, घाई नाही," म्हणायचे. घाई नाही! माझ्यापुढं सकाळपासून गोंधळ घालणारी हीच माणसं. कुणी त्याला परसातले पेरू आणून द्यायचं, कुणी केळफूल. तो सगळं अर्धं अर्धं करून माझ्या टेबलावर ठेवायचा, आणि मी ते घरी न्यायचो. बायको म्हणायची, हे सावंत कोण, एकदा जेवायला बोलवा ना. मी बोलावलं नाही. त्याचे पेरू मी खाल्ले, पण माझ्या घरात त्याचं कौतुक झालेलं मला चाललं नसतं.

जळत होतो मी. साधा, सरळ मत्सर. त्याला दुसरं नाव देत नाही.

त्या वर्षी श्रावणात सावंतची आई आजारी पडली आणि तो रजा टाकून गावी गेला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी इंदू आली.

आडनाव सांगत नाही. बोरीवलीची. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेलेला, आईबाप नाहीत, भावाच्या घरी राहायची. भाऊ गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकाम करायचा. वहिनी कशी होती ते तिनं सांगितलं नाही, पण मनगटावर भाजल्याचे डाग होते आणि ती पदर सारखा त्यावर ओढत होती. सातवी पास झालेली. नर्सिंगच्या शिक्षणाला तिला घेणार होते — राहणं-जेवण तिथंच, पुढं नोकरी. अडचण एकच. वय पंचविशीच्या आत हवं, आणि शाळेच्या दाखल्यावर ती सव्विशीची होती. तुम्हाला ठाऊकच असेल, त्या काळी मास्तर अंदाजानं वय टाकायचे. मूल अंगानं थोराड दिसलं की दोन वर्षं वाढवून मोकळे. ती खरी चोवीस वर्षांची होती, पण ते तिच्याशिवाय कुणाला माहीत? जन्माची नोंद मिळाली तरच मार्ग होता. पुढच्या वर्षी ती खरोखरच पंचविशी ओलांडणार होती. म्हणजे काय ते हेच वर्ष. शेवटच्या तारखेला दहा दिवस होते.

तिनं पहिलंच वाक्य काय म्हणावं? "सावंतसाहेब नाहीत का?"

मी म्हटलं, "मी आहे ना." अर्ज ठेवून घेतला. बोरीवलीचं रजिस्टर पाहिलं, मागची-पुढची वर्षं पाहिली. नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला तोच प्रश्न विचारला. होय, सावंतचा प्रश्न, जसाच्या तसा. ती म्हणाली, "आईचं माहेर मरोळ."

मी आत गेलो. मरोळचं रजिस्टर काढलं, आणि पाऊण तासात नोंद सापडली. गिचमिड मोडी, कोपरा उंदरानं खाल्लेला, सावंतला ती ओळ लावायला अख्खा दिवस गेला असता. पण मला लागली. मुलगी, बापाचं नाव, वस्ती बोरीवली, तारीख. चोवीस वर्षं पुरी. मला आनंद झाला — खरा आनंद, हे मी शपथेवर सांगेन. रजिस्टरात कागदाची खूण घालून मी तिला सांगायला बाहेर निघालो.

ती बाकावर बसली होती, शेजारी एक म्हातारी. माझ्याकडं पाठ होती. ती म्हातारीला म्हणत होती, "शोधतायत बिचारे. पण ह्यांच्याच्यानं व्हायचं नाही. सावंतसाहेबच हवेत."

यात वाईट काय होतं? काही नाही. घाबरलेली पोर, दहा जणांनी सांगितलं तेच बोलत होती. मी दोन पावलं पुढं होऊन म्हणायचं होतं, सापडली गं. चार सह्या, एक शिक्का, उद्या ये. — का नाही म्हणालो? मनात एकच चाललं होतं — मी शोधली तरी नाव त्याचंच होणार. प्रश्न त्याचा. युक्ती त्याची. ही बाहेर जाऊन सांगेल, सावंतसाहेबांसारखं त्यांनीही विचारलं, मग मिळालं.

मी म्हणालो, "नाही मिळाली."

तिनं मान हलवली. रडली वगैरे नाही. "मग सावंतसाहेब आल्यावर येते," म्हणाली. "शनिवारी येणार ना ते?"

आणि मग मला भीती वाटली. शनिवारी सावंत येणार, मरोळ ऐकताच रजिस्टर काढणार, आणि मी खोटा पडणार. नुसता खोटा नाही, नालायकही. म्हणून मी आत जाऊन खूण काढून टाकली, अर्जावर शेरा मारून सही केली, आणि मरोळचं ते रजिस्टर मागच्या खोलीत नेलं. तिथं वाळवी लागलेलं दप्तर बांधून ठेवलेलं होतं, त्यात कुणी हात घालत नसे. एका भलत्याच गावाच्या रुमालात ते बांधलं. गाठ पक्की मारली. हे सगळं भर दुपारी, हेडक्लार्क शेजारच्या खोलीत चहा पीत असताना.

सावंत शनिवारी आला. आईची दवा सुरू होती, तोंड उतरलेलं. इंदू खिडकीशी हजर. त्यानं तिला बसवलं, धीर दिला, आत गेला. मरोळचं ते रजिस्टर मलाही कपाटात दिसलं नव्हतं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं अख्खा दिवस ते शोधलं. सोमवारी पुन्हा शोधलं. कपाट रिकामं करून परत भरलं. मला म्हणाला, "तू तरी एकदा बघ रे, तुझी नजर चांगली." मी उठलो आणि त्याच्याबरोबर त्या कपाटापुढं उभा राहिलो. हो, मी त्याला शोधायला मदत केली. दोघांचेही हात धुळीनं काळे झाले.

सोमवारी संध्याकाळी त्यानं खिडकीतून तिला सांगितलं, "बाई, माझ्यानंय झालं नाय." तेव्हा मी माझ्या खुर्चीत बसून ते ऐकत होतो. मला काय वाटलं असेल? वाईट? नाही. हलकं वाटलं. याच्यानंही होत नाही, हे एकदा तिला दिसलं, बाकावरच्या सगळ्यांना दिसलं. मला ते हवं होतं, आणि ते मिळालं. त्या पोरीचं काय होणार हा विचार माझ्या मनात आलाच नाही असं म्हणू? आला होता. मी तो बाजूला सारला.

तारीख टळून गेली. आणखी आठ दिवसांनी मी रजिस्टर परत कपाटात ठेवलं, कारण तपासणी येणार होती. महिन्याभरानं दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज शोधताना ते सावंतच्याच हाती लागलं. मोडी लावत लावत तो त्या ओळीपाशी आला. मी पाहत होतो. तो रजिस्टर मांडीवर घेऊन तसाच जमिनीवर बसून राहिला. मग त्यानं स्वतःच नक्कल केली, सह्या घेतल्या, आणि अर्धा दिवस रजा टाकून बोरीवलीला तिच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो सरळ माझ्या टेबलाशी. म्हणाला, "माका बसाक पाट दिल्यान, पाणी दिल्यान. कागद वाचल्यान आणि घडी करून ठेवल्यान. वहिनी आतून हाक मारी होती, ती उठून गेली." मग म्हणाला, "मी ता कपाट दोनदा बघितलंय. माझ्या डोळ्यांक काय झाला होता रे?"

तेव्हा सांगायचं होतं. तो समोर उभा होता, मध्ये फक्त एक टेबल. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस."

पण त्यानं घेतलं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती, तरी त्यानं ठरवलं की साहेबांना लेखी खुलासा द्यायचा आणि खिडकीवरून बदली मागायची. आणि त्याचं अक्षर तसं, भाषा तशी. मला म्हणाला, "मसुदा तू लिहून दे. तुझा हात चांगला."

मी लिहून दिला. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात लिहिलं — 'सदर नोंद कचेरीत उपलब्ध असूनही केवळ माझ्या नजरचुकीमुळे अर्जदारास वेळेवर देता आली नाही. झाल्या कसुरीची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' एक-दोन शब्द खोडून आणखी चांगले घातले. त्यानं वाचून खाली सही केली आणि म्हणाला, "बरा लिवलंस." त्याच्या सर्व्हिस बुकात ताकीद चढली. त्याला आवक-जावकीच्या टेबलावर बसवलं, आणि तो तिथंच रिटायर झाला.

हेडक्लार्कनी तो कागद माझ्यासमोरच वाचला. विचारलं, मसुदा कुणाचा? सावंतनं माझ्याकडं बोट केलं. ते म्हणाले, "वा! असं लिहिता आलं पाहिजे. अख्ख्या कचेरीत एकालाच येतं." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सावंतही हसला. आणि मला — अजून ते स्पष्ट आठवतं — फार आनंद झाला.